आधी रिंग होती: व्हर्च्युअल टेपवरच्या दुसऱ्या प्रतीची पार्श्वभूमी

समजा, एखाद्या पतसंस्थेचा मुख्य सर्व्हर जळगावात आहे आणि बॅकअपची दुसरी प्रत धुळ्यातल्या खोलीत व्हर्च्युअल टेपवर, म्हणजे टेपचं सोंग घेणाऱ्या डिस्कवर, पडते. जळगावचा सर्व्हर बसला, की धुळ्याची प्रत उघडावी लागते. ती उघडताना तिच्यावरच चुकून काही लिहिलं गेलं तर? ही धास्ती टेपइतकीच जुनी आहे. तिच्यावरचा पहिला इलाज होता प्लॅस्टिकचं एक कडं.

आयबीएमचा ७२६ हा टेप ड्राइव्ह १९५२ साली आला. अर्धा इंच रुंदीची ती रिळं पुढे कित्येक वर्षं टिकली. रिळाच्या मागच्या बाजूला एक गोल खाच असे. तिच्यात रिंग बसवली असेल तरच ड्राइव्ह लिहायला तयार होई, नाहीतर फक्त वाचे. ‘रिंग नाही, तर राइट नाही’ हा त्या खोलीतला नियम. यातली मेख अशी, की ऑपरेटर विसरला तरी टेप सुरक्षितच राहायची. लिहायचं असेल तर मुद्दाम काहीतरी करावं लागे.

१९८४ मध्ये ३४८० कार्ट्रिज आलं, चौकोनी, २०० एमबीचं. रिंग गेली आणि कडेला बोटाने फिरवायचं चाक आलं. २००० मध्ये एलटीओ या नव्या जातीचं १०० जीबीचं पहिलं कार्ट्रिज आलं, त्यावर सरकती खिटी होती. इथे हिशोब उलटला. खिटी सरकवायला विसरलात, तर टेप लिहिण्यासाठी उघडी. सोय वाढली, पण विसरभोळ्याचं संरक्षण गेलं. आमच्या मते पुढची निम्मी दुखणी इथूनच सुरू झाली.

व्हर्च्युअल टेपचा जन्म मात्र जागेच्या अडचणीतून झाला. नव्वदीच्या दशकात कार्ट्रिजची क्षमता झपाट्याने वाढली, पण मेनफ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांवरच्या, फायली छोट्याच होत्या. एका फायलीला एक अख्खं कार्ट्रिज अडकायचं आणि बाकीची टेप कोरी राहायची. १९९७ मध्ये आयबीएमच्या व्हर्च्युअल टेप सर्व्हरने समोर डिस्क ठेवली. मेनफ्रेमला ती टेपच वाटे, आणि मागे बऱ्याच व्हर्च्युअल टेपा एका खऱ्या कार्ट्रिजवर रचल्या जात. पुढे साध्या सर्व्हरांसाठीही तीच युक्ती आली. त्यांचा त्रास वेगळा होता. ड्राइव्हला डेटा सलग मिळाला नाही, की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. वेळही जातो आणि टेपही झिजते. डिस्कला तसलं काही होत नाही. शिवाय बॅकअपचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं नाही. त्याला लायब्ररी (टेपांचं कपाट), तिच्यातले स्लॉट म्हणजे खण, ड्राइव्ह, बारकोड सगळं नेहमीसारखंच दिसत राहिलं.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ऊन. एलटीओ कार्ट्रिज दीर्घकाळ ठेवायचं तर १६ ते २५ अंश सेल्सिअस हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, आणि बंद जीपच्या डिकीतलं तापमान तर विचारूच नका. डबा धुळ्याला पोहोचला, की ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कार्ट्रिज एक दिवस खोलीच्या हवेला रुळू द्यावं लागतं. डिस्कवरची प्रत नेटवर्कच्या लाइनवरून आपोआप पलीकडे जाते, याला रेप्लिकेशन म्हणतात; मग ही यातायात संपते.

पण लाइनची ताकद किती? २ टीबीचा पूर्ण बॅकअप २० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला सव्वानऊ दिवस लागतात. इथे डीडुप्लिकेशन कामी आलं. पुन्हा येणारे डेटाचे तुकडे ओळखून ते एकदाच साठवायचे आणि फक्त नवे तुकडे पलीकडे पाठवायचे. रोज २ टक्के, म्हणजे ४० जीबी बदलत असेल, तर तेच काम साडेचार तासांत होतं. पहिली भरणी मात्र लाइनवर टाकू नये. दोन्ही यंत्रं जळगावातच एका स्विचवर जोडून ती करावी, मग एक यंत्र धुळ्याला न्यावं.

आता मूळ धास्तीकडे येऊ. पलीकडची व्हर्च्युअल टेप साधारणपणे फक्त वाचण्यापुरती उघडी असते. म्हणजे रिंग परत आली, पण ती यंत्रातली एक नोंद आहे आणि एका क्लिकने निघते. घाईत कोणीतरी ती काढतो, टेपेवर काही लिहितो, मग रेप्लिकेशन चालू होतं आणि जळगावहून आलेली प्रत सगळं पुसून टाकते. लिहिणं भागच असेल, तर व्हर्च्युअल कार्ट्रिजची वेगळी नक्कल काढून तिच्यावर काम करावं.

दुसरा घोळ बारकोडचा. दोन्हीकडे तोच सहा अक्षरी क्रमांक असतो. एकाच बॅकअप सर्व्हरला दोन्ही लायब्ऱ्या दिसल्या, की टेप जागेवरून हलली असं तो समजतो, आणि मुदत संपलेली असेल तर नव्या कामासाठी उचलतो. म्हणून धुळ्याची लायब्ररी फक्त तिथल्या रिकव्हरी सर्व्हरलाच दिसू द्यावी. त्या सर्व्हरवरचं अनोळखी टेपेला आपोआप लेबल लावण्याचं सेटिंगही बंद करावं, नाहीतर लिहिण्याचा प्रयत्न फसतो आणि सॉफ्टवेअर चांगल्या टेपेवर खराब असल्याचा शिक्का मारतं.

तिसरी गोष्ट वेळेची. काही यंत्रांत टेप मूळ ड्राइव्हमधून बाहेर आल्यावरच तिचं रेप्लिकेशन सुरू होतं. बॅकअप रात्री दोनला संपला आणि सिंकची, म्हणजे धुळ्याची प्रत शेवटची जुळल्याची, वेळ दीडची दिसत असेल, तर ती प्रत कालची आहे. आधी वेळ जुळवावी, मग रेप्लिकेशन थांबवावं, मग टेप लावावी.

कॅटलॉग, म्हणजे कोणत्या टेपेवर काय आहे याची यादी, विसरला जातो तो नेहमीचाच. तो नसेल, तर प्रत्येक टेप पहिल्यापासून वाचून आत काय आहे ते शोधावं लागतं, आणि त्यात तासन्‌तास जातात. कॅटलॉगचा बॅकअप कोणत्या बारकोडवर आहे ते कागदावर लिहून धुळ्याच्या खोलीत लावावं. टेप एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक लिपीत असेल आणि तिची किल्ली फक्त जळगावच्या सर्व्हरवर असेल, तर अख्खी टेप वाचूनही हाती काही लागत नाही. किल्लीची प्रतही धुळ्याला हवी.

आणि रेप्लिकेशन चुकाही तितक्याच इमानदारीने पोहोचवतं. जळगावात टेप पुसली, की धुळ्यातलीही जाते. डेटा अडकवून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले हेच हेरतात. त्यामुळे धुळ्याच्या यंत्रावर ठरलेल्या मुदतीपर्यंत न पुसता येणारे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी, वेगळे ठेवावे लागतात.

धुळ्याची प्रत उघडून पाहण्याचा सराव संपला, की टेप ड्राइव्हमधून काढावी, लायब्ररीचं दर्शन बंद करावं, रेप्लिकेशन पुन्हा चालू करावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकची वेळ पुढे सरकलेली दिसली, की काम झालं.