गळ्यातला अल्बाट्रॉस

स्वतःच्या कृत्यामुळे मागे लागलेले आणि काही केल्या न सुटणारे ओझे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. त्याचे मूळ सॅम्युअल टेलर कोलरिज (१७७२–१८३४) यांच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ या सात भागांच्या दीर्घकवितेत आहे. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांच्या ‘लिरिकल बॅलड्स’ (१७९८) या संग्रहात ती प्रथम छापली गेली.

वादळामुळे दक्षिणेकडे भरकटलेले जहाज बर्फात अडकते. तेवढ्यात अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी येतो, खलाशी त्याला खाऊ घालतात, बर्फ फुटून वाट मोकळी होते आणि अनुकूल वारा सुटतो. कवितेचा निवेदक असलेला म्हातारा खलाशी याच पक्ष्याला क्रॉसबोने (चाप ओढून बाण सोडणाऱ्या आडव्या धनुष्याने) मारतो. का मारले, हे तो सांगत नाही. कवितेतील सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच. सोबती आधी त्याला दूषणे देतात, धुके विरताच ‘बरे केलेस’ म्हणतात, आणि पुढे विषुववृत्तावर वारा पडून जहाज खिळले, पिण्याचे पाणी संपले की मेलेला पक्षी त्याच्याच गळ्यात अडकवतात. म्हणजे हत्येला संमती देणारेही शेवटी सगळा दोष एकावरच टाकतात. यथावकाश ते दोनशे सोबती मरतात. एकटा उरलेला खलाशी चांदण्यात चमकणारे पाणसर्प पाहतो, नकळत त्यांना मनोमन आशीर्वाद देतो, आणि त्याच क्षणी पक्षी गळ्यातून सुटून समुद्रात बुडतो. तरी प्रायश्चित्त संपत नाही. ज्याने ऐकायलाच हवी अशा माणसाला ओळखून ही कहाणी सांगत त्याला देशोदेशी हिंडावे लागते.

पक्ष्याची कल्पना वर्ड्‌स्वर्थ यांनी सुचवली. नोव्हेंबर १७९७ मध्ये सॉमरसेटमधील क्वान्टॉक टेकड्यांच्या परिसरातील पायी सफरीत कवितेचा आराखडा ठरला. जॉर्ज शेल्व्हॉक यांचे १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेले समुद्रप्रवासाचे पुस्तक वर्ड्‌स्वर्थ यांनी नुकतेच वाचले होते. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी असलेल्या केप हॉर्नच्या वादळी समुद्रात सायमन हॅटली या अधिकाऱ्याने, मागोमाग येणारा काळा अल्बाट्रॉस अपशकुनी मानून गोळी घालून मारल्याची हकीकत त्यात आहे. कोलरिज यांनी हा शकुन उलटवला. त्यांचा पक्षी पाहुणा म्हणून येतो, त्यामुळे त्याचा वध विश्वासघात ठरतो.

आज बुडीत प्रकल्प, जुने कर्ज किंवा नेत्याचा फसलेला निर्णय यांविषयी हा वाक्प्रचार वापरतात. अनेकदा त्यातील अपराधाची छटा गळून नुसता भार उरतो. मूळ कवितेत मात्र अपराध आणि भार वेगळे काढता येत नाहीत.