ब्लो होल की श्रिंकेज? कास्टिंगच्या दोषांना नावं कशी पडली

मशिन शॉपमध्ये जॉबच्या, म्हणजे वितळलेली धातू साच्यात ओतून केलेल्या कास्टिंगच्या, पोटात भोक निघालं की फाउंड्रीत पहिला वाद नावावरून होतो. ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी, म्हटलं तर साच्याच्या वाळूत ओल जास्त, व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) कमी, मोल्डिंगवाला अडकतो. श्रिंकेज, म्हणजे धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी, म्हटलं तर रायझर (आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा) लहान पडला, म्हणजे ओतकामाची आखणी करणारा मेथडवाला. स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवरचा मळ, लिहिलं की भट्टीवाला. कोल्हापुरात उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत हे रोजचंच.

ही जुनी नावं बहुतेक कारणावरून पडली. जिथं एकच मिस्त्री वाळू कालवायचा, साचा भरायचा आणि ओतायचाही, तिथं अशा नावांनी काही अडत नव्हतं. दोष कुणाचाही ठरला तरी माणूस तोच. कामं खात्यांत वाटली गेली, कास्टिंग दूरच्या गिऱ्हाइकाकडे जाऊ लागलं, तेव्हा पंचाईत झाली. एकाच भोकाला दोन कारखान्यांत दोन नावं!

फाउंड्री तंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं म्हणून वेगळी वाट धरली: कारण नंतर, आधी दिसतं ते लिहा. त्या वर्गवारीचा इंग्रजी ॲटलास अमेरिकन फाउंड्रीमेन्स सोसायटीनं 1974 मध्ये काढला. दोषांचे ए ते जी असे सात गट. बाहेर आलेली जादा धातू ‘ए’त, पोकळ्या ‘बी’त, अपुरं भरलेलं कास्टिंग ‘ई’त. ब्लो होलचा कोड बी 111, आणि वर्णन गुळगुळीत भिंतींची, साधारण गोल पोकळी. जॉब कापून भिंगाखाली धरा, फरक कळतो: वायूच्या पोकळीची भिंत चकचकीत असते, श्रिंकेजची खडबडीत, स्फटिकांचे काटे दिसणारी. श्रिंकेज सहसा जाड भागात किंवा दोन भिंती मिळतात तिथं, कारण तिथली धातू शेवटी थिजते. ॲल्युमिनियम थिजताना आकारमानानं सुमारे 6 टक्के आकसतं. तेवढी भर रायझरनं द्यायची असते.

दोषांची यादी मात्र कधी पुरी झाली नाही; ॲटलासच्या आधीही ती वाढतच होती. 1948 मध्ये मॅग्नेशियम घातलेलं एसजी आयर्न (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं बीड) जाहीर झालं आणि त्याच्यामागून ड्रॉस आला: मॅग्नेशियमच्या ऑक्साइड-सल्फाइडचा मळ, वरच्या तोंडाला साचणारा. ग्रे आयर्नच्या, म्हणजे साध्या बीडाच्या, कामगाराला तो साधा स्लॅगच वाटणार.

पुढं बर्मिंगहॅमचे धातुशास्त्रज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी मांडलं की, वायूची किंवा आकसण्याची म्हणून खपलेली बरीच सच्छिद्रता ओतताना दुमडून आत गेलेल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांपासून सुरू होते. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पटलं, तर बोट वळतं ते लेडल (ओतायचं भांडं) किती उंचीवरून ओतला आणि गेटिंगमध्ये (धातू साच्यात नेणाऱ्या वाटांत) धातू किती वेगानं धावली, याकडे.