भुंगेऱ्याचं बारसं

‘अमुक घाटात कीटकाची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी पावसाळ्याच्या आगेमागे वर्तमानपत्रात एखाद-दुसरी तरी येतेच. सोबत गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या अभ्यासकांचा फोटो आणि ‘जंगलात भटकताना त्यांना हा वेगळा कीटक दिसला’ असं एक वाक्य. सगळा घोळ त्या वाक्यात आहे. तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा जंगलात कुणालाच ‘वेगळा’ दिसत नाही. तो वेगळा आहे हे कळायला कधी पाच वर्षं लागतात, तर कधी पावणेदोनशेच्याही वर.

हा मोठा आकडा खरा घडलेला आहे. ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत, १८३२ साली, अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे चार्ल्स डार्विनने ‘रोव्ह बीटल’ कुलातला एक भुंगेरा पकडला. तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पोचला आणि टाचणीला लावलेल्या असंख्य कीटकांच्या गर्दीत हरवून गेला. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या चॅटानूगा शाखेतले स्टायलियानोस चॅट्झिमानोलिस या कुलाचे जाणकार. त्यांनी अभ्यासासाठी त्या म्युझियमकडून उसने मागवलेल्या कीटकांत तो निघाला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे डार्विनच्या २०५ व्या जन्मदिवशी, त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. नाव डार्विनिलस सेडारिसी. यातलं पहिलं नावही नवं आणि दुसरंही, कारण तो आधीच्या कुठल्याच गटात बसेना.

शब्दांचा गुंताही इथेच सोडवून टाकू. आपल्या पाठ्यपुस्तकांत कुल, प्रजाती, जाती असा क्रम आहे. प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटात. वर्तमानपत्रांनी जातीलाच प्रजाती म्हणायला सुरुवात केली, बहुधा ‘जाती’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाला बिचकून. या लेखात पाठ्यपुस्तकाचा क्रम पाळला आहे: डार्विनिलस ही प्रजाती, डार्विनिलस सेडारिसी ही जाती.

रोव्ह बीटल म्हणजे आखूड पंखांचे भुंगेरे. हुमणीच्या भुंगेऱ्याची पाठ कशी कडक पंखांनी शेवटपर्यंत झाकलेली असते. यांची ती कवचं छातीपाशीच संपतात आणि मागचं लांबट, लवचिक पोट उघडं राहतं. उडायचे पातळ पंख मात्र पुरेसे मोठे असतात, आणि ते त्या आखूड कवचाखाली घडी घालून बसवलेले असतात. घडी घालायला पोटाच्या टोकाचा हातासारखा उपयोग होतो. डाव्या आणि उजव्या पंखाची घडी सारखी नसते हे जपानी संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं. पालापाचोळा, शेण, कुजकी अळंबी, मुंग्यांची वारुळं, समुद्रकाठचं शेवाळ, सगळीकडे हे सापडतात. आजवर ६६,००० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. प्राण्यांमधलं हे सर्वांत मोठं कुल. जगातले झाडून सगळे सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या घरात, म्हणजे यांच्या दहावा हिस्सा.

यातला एक भुंगेरा आपल्याकडे बऱ्याच जणांना न ओळखता ठाऊक असतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, सात-आठ मिलिमीटरचा पीडरस. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातलं पीडरिन नावाचं विष त्वचेला लागतं आणि साधारण दिवसभराने भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो. त्याला ‘कोळी मुतला’ म्हणतात आणि कधी थेट ‘नागीण’ ठरवून मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार आहे, त्याचा या किड्याशी संबंध नाही. नागिणीने कमरेला पूर्ण वेढा घातला की माणूस जातो, हेही खोटं. ती शरीराच्या एका बाजूच्या मज्जातंतूवर उठते, बहुधा मध्यरेषेशी थांबते. आणि पीडरिन तरी कुठे भुंगेऱ्याचं? ते त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात. अंगावर बसला तर फुंकर मारायची, चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवायचं.

आता नव्या जातीकडे. पकडण्याचं काम तुलनेने सोपं. पाचोळा आणि वरची माती साधारण एक सेंटिमीटर जाळीच्या चाळणीतून पिशवीत चाळायची आणि ती चाळ नरसाळ्यात घालून वर बल्ब लावायचा. वरून कोरडं होत आलं की किडे खाली सरकतात आणि नरसाळ्याखालच्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये पडतात. घाई करून मोठा बल्ब लावला तर वरचा थर इतक्या झटकन तापतो की किडे वाटेतच वाळून मरतात आणि बाटलीत फक्त माती जमते. दोन-तीन दिवस मंद ऊब, हे बरं. डीएनए काढायचा असेल तर ९६ टक्के अल्कोहोल हवं, पण त्यात किडा ताठ आणि ठिसूळ होतो, सांधे उलगडताना पाय हातात येतात. त्यामुळे काही नमुने यात, काही त्यात, असं वाटून ठेवतात.

बाटलीत जमलेले शंभर भुंगेरे भिंगाखाली ठेवले तर डोकं चक्रावतं. सगळे तपकिरी, सगळे चकचकीत. लांबीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण पोटाचे कडे दुर्बिणीच्या नळीसारखे एकात एक सरकतात. तोच किडा ओला असताना चार मिलिमीटर आणि वाळल्यावर तीन. म्हणून जाणकार डोक्याच्या पुढच्या कडेपासून पंखकवचाच्या मागच्या कडेपर्यंतचीच लांबी देतात. मग डोक्याची रुंदी भागिले छातीची रुंदी, कवचाची लांबी भागिले छातीची लांबी, अशी गुणोत्तरं. पण हीसुद्धा फसवतात. एकाच जातीत काही किडे उडणारे आणि काही पंख खुरटलेले असू शकतात, आणि खुरटलेल्यांची कवचंही आखूड असतात. ते ताडण्याची एक खूण आहे: उडणाऱ्यांच्या पोटाच्या सातव्या पाठपट्टीच्या मागच्या कडेला बारीक पांढरट झालर असते, न उडणाऱ्यांत ती सहसा नाहीशी झालेली असते. झालर न बघता ‘आखूड कवचाची नवी जाती’ जाहीर करणाऱ्यांची फजिती होते.

मग भरवसा कशावर? नराच्या जननांगावर. याला एडीगस म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हा कायटिनचा (कीटकाचं कवच ज्याचं असतं त्या कडक पदार्थाचा) अवयव पोटाच्या शेवटच्या कड्यांत लपलेला असतो. मधे एक नळी, तिच्या दोन्ही बाजूंना पॅरामिअर नावाचे दोन हात (काही गटांत दोन्ही जुळून एकच पट्टी झालेली), आणि नळीच्या आत उलटून बाहेर येणारी एक काटेरी पिशवी. बाहेरून जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या दोन जातींत या नळीचं टोक एकात चोचीसारखं वळलेलं, दुसऱ्यात चमच्यासारखं चपटं असतं.

असं का, यावर दीडशे वर्षांहून अधिक वाद झाला. १८४४ साली लेओं द्युफूर या फ्रेंच अभ्यासकाने कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: दुसऱ्या जातीची किल्ली लागू नये म्हणून प्रत्येकाचं कुलूप वेगळं. ऐकायला छान, पण बऱ्याच कीटकांत मादीचं ‘कुलूप’ इतकं मऊ असतं की कुठलीही किल्ली चालावी. १९८५ साली विल्यम एबरहार्ड यांनी वेगळं म्हटलं: मीलन झाल्यानंतरही मादी कुणाचे शुक्राणू वापरायचे ते निवडते, आणि त्या निवडीला पसंत पडतील असे आकार नरांत भराभर बदलत जातात. बाकी शरीर शंभर पिढ्या तसंच राहील, हा अवयव पळत राहतो. वर्गीकरण करणाऱ्याला असाच भराभर बदलणारा अवयव हवा असतो.

पण भराभर बदलणारा अवयव एकाच जातीतल्या नरानरांतही वेगळा नसेल का? इथे खरी गंमत आहे. अळी असताना भरपूर खायला मिळालं तर भुंगेरा मोठा होतो, उपाशी राहिली तर बारका. डोकं, पाय, कवचं त्या प्रमाणात लहान-मोठी होतात. जननांग मात्र जवळपास तेवढंच राहतं. एबरहार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अनेक कीटक आणि कोळी मोजून हे दाखवलं. तालेवार नर असो की कुपोषित, त्याला सरासरी मापाच्या मादीशीच जुळवून घ्यायचं असतं. म्हणजे जातीजातींत फरक मोठा आणि जातीच्या आत फरक लहान. मोजमापाच्या भाषेत याहून चांगली खूण मिळणार नाही.

ती काढायची कशी? वाळलेला किडा आधी कोमट पाण्यात काही तास मऊ करायचा. पोटाची शेवटची कडी बारीक सुईने अलगद सोडवायची. हा अवयव पोटात सरळ नसतो, एका कुशीवर निजलेला असतो; सरळ समजून ओढला तर पॅरामिअर तुटतात. मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर. त्यात स्नायू विरघळतात, कायटिन उरतं. गरम द्रावणात हेच अर्ध्या तासात होतं, पण लक्ष ठेवावं लागतं. नुकताच कोशातून निघालेला नर असला तर कायटिनच कच्चं असतं. अवयव काचेसारखा पारदर्शक होऊन थेंबात दिसेनासा होतो. नंतर पाण्यात धुवून ॲसेटिक आम्लाच्या एका थेंबाने क्षार मारायचा, नाहीतर काही महिन्यांनी स्फटिक जमतात.

चित्र काढण्यासाठी अवयव ग्लिसरिनच्या थेंबात ठेवतात, म्हणजे तो हवा तसा फिरवता येतो. तंतोतंत बाजूने आणि तंतोतंत खालून, अशी दोन चित्रं हवीतच. दहा अंशांनी कलला तरी सरळ टोक वाकडं दिसतं. दुसरा सापळा त्या आतल्या पिशवीचा. एका नरात ती आत, दुसऱ्यात उलटून बाहेर आलेली, आणि कागदावर दोन जाती! म्हणून एकट्या नरावर शहाण्या माणसाने लेख लिहू नये. आठ-दहा नर जमेपर्यंत थांबावं. (डार्विनिलसच्या बाबतीत ही चैन नव्हती. लंडनचा एक आणि बर्लिनच्या म्युझियममधला अर्जेंटिनाच्याच कोर्दोबा प्रांतातला एक, असे दोनच नमुने हाती होते.) काही गटांत मादीची शुक्रधानी, म्हणजे शुक्राणू साठवायची पिशवी, तितकीच कामाची असते, ॲलिओकॅरिनी या उपकुलात तर तिच्यावाचून चालत नाही.

काम झालं की अवयव पारदर्शक पट्टीवर युपारल नावाच्या पारदर्शक डिंकाच्या थेंबात बसवून त्याच किड्याच्या टाचणीवर खाली टोचायचा. वेगळ्या डबीत ठेवला आणि चिठ्ठी हरवली की तो कुणाचा, हे पुन्हा कधीच कळत नाही.

डीएनएचा ६५८ अक्षरांचा बारकोड, म्हणजे जाती ओळखायचा ठरलेला तुकडा, वाचला की हे सगळं टळेल, असा एक प्रचार चालतो. बारकोड वेगळा निघाला हे उपयोगी आहे, पण कशापासून वेगळा? जुन्या जातींचे बारकोड बहुतेक नाहीतच. भारतातल्या रोव्ह बीटल्सचं मोठं काम ब्रिटिश नौदलातले शल्यचिकित्सक माल्कम कॅमेरॉन यांनी केलं. त्यांचे खंड १९३० ते १९३९ दरम्यान निघाले, आणि त्यांत जननांगांची चित्रं फारशी नाहीत. सह्याद्रीतला आपला किडा कॅमेरॉनच्या किड्याहून वेगळा की तोच, हे ठरवायला कॅमेरॉनचा मूळ नमुना लंडनहून मागवून, त्याच्या मालकांची परवानगी काढून, तोच द्रावणात टाकावा लागतो.

आणि बारसं? प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम १ जानेवारी १७५८ पासून लागू धरतात. एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं जिंकतं. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या जातीचा प्रमाण नमुना, म्हणून निवडायचा, त्याला लाल चिठ्ठी लावायची. बाकीचे पॅराटाइप, त्यांना बहुतेक जण पिवळी लावतात. जवळच्या जातींपासून फरक कोणता, ते शब्दांत लिहावंच लागतं. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी ‘इ’, स्त्रीच्या असेल तर लॅटिन ‘ए-ई’ जोडी. सेडारिसी हे अमेरिकी विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यावरून. स्वतःचं नाव द्यायला नियमांची बंदी नाही, पण तसं करणाऱ्याकडे सगळे बघून हसतात. लेख छापील नसून फक्त इंटरनेटवर निघणार असेल तर २०१२ पासून झूबँक या नोंदवहीत त्याची आधी नोंद लागते. वर्णनाआधी नाव बातमीत फोडलं तर ते ‘नोमेन नुडुम’, शब्दशः नागडं नाव, आणि त्याला किंमत शून्य. भारतात सापडलेला होलोटाइप घरच्या कपाटात ठेवता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार तो नेमलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी असा संग्रह भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे, कोलकात्यात. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

डार्विनिलसचा होलोटाइप लंडनमध्येच आहे. दोन्ही नमुने १९३५ पूर्वीचे, आणि ती गवताळ जमीन पुढे मोठ्या प्रमाणात नांगराखाली गेली.