एडटेकची मास्टर्स करायला कोडिंग यावंच लागतं का?
नाशिकची पंचवटी असो की सातपूर, शिक्षकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतच असतो: 'शैक्षणिक तंत्रज्ञानातली मास्टर्स म्हणजे कोडिंग, जुन्या शिक्षकांना झेपत नाही.' असं वाटणं साहजिकय, नावातच तंत्रज्ञान आहे ना. पण या विषयाचा गाभा म्हणजे शिकवण्याची आखणी. त्यात अ‍ॅडी नावाचं १९७० च्या दशकातलं मॉडेल असतं, पायऱ्या ५: गरज ओळखा, आराखडा करा, साहित्य बनवा, वर्गात वापरा, मग काय जमलं काय नाही ते तपासा, आणि वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या बाईंना यातलं बरंचसं रोजच्या सवयीचंच असतं, अनुभव इथे खरंच कामाला येतो!
तपासायचं असेल तर कोर्सचा सिलॅबस उघडा, पात्रता वाचा, पेपरांची नावं बघा. प्रोग्रॅमिंग कंपल्सरी आहे की ऐच्छिक ते तिथेच कळतं. काही कोर्सला असू शकतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच बघा.