फोन लागतो, पण आवाज येत नाही

जुना टेलिफोन इंटरनेटवर चालवायचा, तर मध्ये एक डबी लागते: ॲनालॉग टेलिफोन ॲडॅप्टर. एका खाचेत फोनची वायर, दुसरीत राउटरकडून आलेली नेटवर्क केबल. सेवा देणाऱ्याकडून मिळालेले खात्याचे नाव आणि पासवर्ड तिच्या सेटिंगमध्ये भरले की डायल टोन येतो. नंबर लावला की पलीकडे घंटी वाजते, फोन उचललाही जातो, पण आपल्या कानाशी मात्र शांतता. पलीकडच्याला आपले बोलणे नीट ऐकू जात असते. अशा वेळी बहुतेक जण डबी खराब आहे असे समजून ती परत करतात. मला याचे वाईट वाटते, कारण दोष बहुतेकदा तिचा नसतोच.

ही डबी खरे तर एका छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचे काम करते. फोनला ती साधारण ४८ व्होल्टचा दाब पुरवते. रिसीव्हर उचलला की तारेतून प्रवाह वाहू लागतो आणि त्यावरून तिला कळते की कोणाला तरी बोलायचे आहे. घंटी वाजवायला ती बरेच जास्त व्होल्टेज तारेवर सोडते. म्हणूनच भिंतीतल्या जुन्या टेलिफोन सॉकेटला डबी जोडण्याआधी बाहेरून येणारी लाइन तोडलेली आहे याची खात्री हवी. दोन्हीकडून वीज आली तर डबी जळू शकते.

आता आवाजाकडे येऊ. जी.७११ या पद्धतीत तो सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिले जाते, म्हणजे ६४ किलोबिट प्रतिसेकंद. दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पाकीट होते. त्यात आवाजाचे १६० बाइट आणि पत्ता वगैरेचे ४० बाइट असतात. अशी ५० पाकिटे दर सेकंदाला जातात आणि तितकीच येतात. हिशेब केला तर एका दिशेला सुमारे ८० किलोबिट. आजच्या घरगुती इंटरनेटला हे काहीच नाही.

मग आवाज अडतो कुठे? फोन लावणे आणि बोलणे ही डबीची दोन वेगळी कामे आहेत, हे इथे लक्षात घ्यावे लागते. कोणाला फोन करायचा, घंटी वाजली का, उचलला का, ही बोलाचाली ‘सिप’ या नियमावलीने होते. प्रत्यक्ष आवाज ‘आरटीपी’ने, वेगळ्या वाटेने जातो. तो कुठे पाठवायचा हे सिपच्या निरोपात लिहिलेले असते. डबी तिथे आपला पत्ता लिहिते, समजा १९२.१६८.१.२०. हा पत्ता फक्त घरातल्या नेटवर्कपुरता खरा. निरोप बाहेर जाताना राउटर पाकिटावरचा पत्ता बदलून स्वतःचा टाकतो, पण आतली चिठ्ठी तशीच राहते. पलीकडचे यंत्र चिठ्ठीवर विश्वास ठेवून त्या पत्त्यावर आवाज पाठवू लागते आणि तो कुठेच पोहोचत नाही. आपला आवाज मात्र जातो, कारण पलीकडच्याने दिलेला पत्ता खरा असतो.

उपाय डबीच्या सेटिंगमध्येच असतो. ‘स्टन’ सुरू केले की डबी आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारते, ‘मी तिकडून कोणत्या पत्त्यावर दिसते?’ आणि तोच पत्ता चिठ्ठीत लिहिते. ज्या सेवेचा सर्व्हर आवाज जिथून आला तिकडेच परत पाठवतो, तिथे याचीही गरज पडत नाही. गंमत म्हणजे काही राउटरमध्ये ही चिठ्ठी दुरुस्त करणारी ‘सिप एएलजी’ नावाची सोय असते आणि ती दुरुस्तीऐवजी घोळच वाढवते. माझ्या मते आधी ती बंद करून पाहावी, बाकी उपाय नंतर. वैतागून राउटरचे सगळे दरवाजे डबीसाठी उघडून देऊ नयेत. सिपचा नेहमीचा ५०६० हा पोर्ट उघडा दिसला की दुसऱ्याच्या खात्यावरून फोन करू पाहणारे तिथे हटकून धडकतात.

आवाज दोन्हीकडून येऊ लागल्यावर कधी तो तुटतो, तोही नेमका घरात कोणी मोठी फाइल अपलोड करत असताना. आवाजाची इवलीशी पाकिटे राउटरच्या रांगेत फाइलच्या पाकिटांमागे खोळंबतात. बोलणे सहज वाटायचे तर एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. राउटरच्या ‘क्यूओएस’ सेटिंगमध्ये डबीला पहिला मान दिला की फरक लगेच जाणवतो.

वीज गेली की डबीही बंद आणि राउटरही. जुन्या लाइनला एक्स्चेंजची वीज होती, तो आधार इथे नाही. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर दोन्हींना यूपीएस द्यावाच आणि आणीबाणीचा नंबर लागतो का, पत्ता योग्य ठिकाणी नोंदलेला आहे का, हे सेवा देणाऱ्याला आधीच विचारावे.

शेवटची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. रात्रभर फोनला हात लावू नये आणि सकाळी मोबाइलवरून त्यावर फोन करावा. शांतता असली की राउटर बाहेरून येणारी वाट थोड्याच वेळात विसरतो, म्हणून डबीने अधूनमधून एखादे रिकामे पाकीट पाठवत राहावे लागते. ‘कीप-अलाइव्ह’ हे त्या सेटिंगचे नाव. सकाळी घंटी वाजली नाही, तर ते सुरू करून त्याचा अवधी २०-३० सेकंदांवर आणावा आणि पुढच्या सकाळी पुन्हा फोन करून पाहावा.