पेनड्राइव्हवर ८०० गाणी, गाडीत वाजतात ५००, असं का?

परवा भावाने गाडी घेतली, सेकंडहँड, आणि माझ्याकडून पेनड्राइव्ह भरून नेला. मोजून ८०० गाणी होती, गाडीच्या स्टिरिओने दाखवली पाचशेच्या आसपास. बाकीची गेली कुठे म्हणून त्याचा फोन. गेली कुठेच नाहीत बाबा, तिथेच आहेत, पण त्यातली काही फ्लॅक, काही एमफोरए, काही जुनी डब्ल्यूएमए अशा वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फाइली, आणि त्या स्टिरिओला एमपीथ्री सोडून दुसरं काही कळतच नाही. मग काय, कन्व्हर्टर लावा आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवा. हा घोळ झाला कसा ते बघायचं तर जरा मागे जावं लागतं, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, यात आवाजाच्या क्वालिटीचा भाग थोडा आणि पेटंट अन् दुकानदारीचा भाग जास्त आहे.

१९८२ मधे सोनी आणि फिलिप्सने मिळून सीडी बाजारात आणली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. कुठलीही सीडी कुठल्याही प्लेयरमधे घाला, वाजणार. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला १४ लाखांवर बिट होतात, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५० एमबीच्या वर. सीडीवर ते मावत होतं, पण नव्वदीच्या सुरुवातीला घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्डडिस्कच काहीशे एमबीची असायची, दहा गाण्यांत भरली असती.

यावर उपाय जर्मनीत एरलांगेनला निघाला. तिथल्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटमधे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांची टीम ऐंशीच्या दशकापासून एकाच गोष्टीच्या मागे होती, की कानाला जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा चालू असताना शेजारच्याच्या हातातली झांज वाजली तरी आपल्याला कळत नाही ना, तसंच गाण्यातही मोठ्या आवाजाखाली त्याच्या आसपासच्या सुरातले बारीक आवाज झाकले जातात. एन्कोडर, म्हणजे गाणं दाबून फाइल लहान करणारा प्रोग्राम, गाण्याचे छोटे छोटे तुकडे करतो, त्यातलं झाकलेलं काय आहे याचा हिशोब करतो आणि तिथे बिट वाचवतो. फक्त वाद्यांपेक्षा एकट्या माणसाच्या आवाजावर ही युक्ती लगेच उघडी पडायची, म्हणून सुझॅन वेगा या अमेरिकन गायिकेचं साथीशिवाय गायलेलं एक गाणं ब्रांडेनबुर्गनी चाचणीसाठी पुन्हा पुन्हा ऐकलं. १९९३ मधे हे एमपेग-१ या व्हिडिओ-ऑडिओ दाबायच्या स्टँडर्डचा भाग म्हणून छापून आलं, त्यातला ऑडिओचा तिसरा लेयर म्हणजे आपलं एमपीथ्री. फाइलच्या नावापुढे डॉट एमपीथ्री लावायचं मात्र १४ जुलै १९९५ ला ठरलं. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ हजार बिट, हाच बिटरेट) तेच ५० एमबीचं गाणं पाच एमबीच्या आत, म्हणजे डायलअपवरसुद्धा धीर धरला तर उतरणार.

आता यातली मेख लक्षात घ्या, कारण कन्व्हर्ट करणारे नव्वद टक्के लोक इथेच फसतात (टक्केवारी माझी, मित्रमंडळींवरून काढलेली). जे एकदा टाकलं ते परत येत नाही. एमपीथ्रीवरून एएसी (एमफोरए फाइलींत बहुतेक असतो तो फॉरमॅट), त्यावरून परत एमपीथ्री असं केलं की झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं, दरवेळी थोडं पुसट. आणि १२८ चं गाणं ३२० ला कन्व्हर्ट केलं तर फाइल फुगते, आवाज काही सुधारत नाही. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं त्या काळात असली फुगवलेली गाणी पोत्याने फिरत होती आणि आपण ती खुशीत आणत होतो.

बरं, एमपीथ्री इतकं चाललं तर सगळ्यांनी तेच का नाही ठेवलं? कारण ते फुकट नव्हतं. पेटंट होती, लायसन्सचं काम फ्राउनहोफर आणि फ्रान्सची थॉमसन कंपनी बघायची. १९९८ मधे फुकटात एन्कोडर बनवणाऱ्या पोरांना पत्रं गेली की पैसे भरा. त्यातून चिडून ख्रिस माँटगोमरी या प्रोग्रामरने ऑग व्हॉर्बिस हा फॉरमॅट करायला घेतला, पेटंटमुक्त, त्याचं १.० व्हर्जन २००२ मधे आलं. लेम नावाचा एन्कोडर त्याच १९९८ चा, त्याच्या नावाचा फुलफॉर्मच असा की ‘लेम हा एमपीथ्री एन्कोडर नाही’, आणि आज फुकट कन्व्हर्टर एमपीथ्री बनवतात तेव्हा आत बहुतेक तोच बसलेला असतो.

तिकडे मायक्रोसॉफ्टने १९९९ मधे स्वतःचा डब्ल्यूएमए काढला. विंडोज मीडिया प्लेयरमधे सीडीवरून थेट एमपीथ्री बनवायची सोय २००४ च्या दहाव्या व्हर्जनपर्यंत आतच नव्हती, त्यामुळे त्या काळात ज्यांनी घरच्या सीड्या मुकाट्याने कॉपी केल्या त्यांच्याकडे आजही डब्ल्यूएमएचे ढीग पडलेत, माझ्याकडचा ढीग त्यातलाच. ॲपलचा आयपॉड २००१ चा, ५ जीबी, तो एमपीथ्री वाजवायचा पण डब्ल्यूएमए नाही. २००३ मधे त्यांनी गाणी विकायला सुरुवात केली, ९९ सेंटला एक, फॉरमॅट एएसी, आणि वर फेअरप्ले नावाचं कुलूप, म्हणजे ॲपलने परवानगी दिलेल्या यंत्रांवरच गाणं वाजणार. एएसी हा खरं तर एमपेगचाच फॉरमॅट, काही ॲपलने शोधलेला नाही, आणि कमी बिटरेटला एमपीथ्रीपेक्षा चांगला वाजतो. वैताग होता तो कुलपाचा. पैसे देऊन घेतलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या प्लेयरवर न्यायचं तर रीतसर मार्ग एकच, ते ऑडिओ सीडीवर बर्न करा आणि तीच सीडी परत कॉम्प्युटरवर उतरवून (रिप करून) एमपीथ्री बनवा. म्हणजे दोनदा कापलेलं गाणं, वर सीडीचा खर्च आपला.

मायक्रोसॉफ्टच्या कुलपाची तर वेगळीच मजा. २००४ मधे त्यांनी ‘प्लेज फॉर शुअर’ असा शिक्का काढला, शिक्का असलेल्या प्लेयरवर शिक्कावाल्या दुकानातली गाणी हमखास वाजणार. दोन वर्षांत त्यांनीच स्वतःचा झून प्लेयर आणला आणि त्यावर ही गाणी वाजायची नाहीत! २००८ मधे जाहीर केलं की त्यांच्या जुन्या म्युझिक दुकानाच्या किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करतोय, मग लोकांनी आरडाओरड केल्यावर मुदत वाढवली. तोपर्यंत हवा बदलली होती, २००७ मधे स्टीव्ह जॉब्सनी कुलपं नकोत असं जाहीर पत्र लिहिलं, त्याच वर्षी ईएमआय या म्युझिक कंपनीची गाणी कुलपाशिवाय आली, ॲमेझॉनने सरळ एमपीथ्री विकायला काढली, आणि २००९ मधे ॲपलने गाण्यांवरचं कुलूप काढून टाकलं. एमपीथ्रीचं लायसन्सिंगही २०१७ मधे संपलं.

फ्लॅकची गोष्ट सरळ आहे. जॉश कोल्सनने केलेला, १.० व्हर्जन २००१ चं, झिप फाइलसारखं दाबतो पण टाकत काहीच नाही, साइज साधारण निम्मी होते. ॲपलने तसाच आपला अलॅक काढला २००४ मधे, पुढे २०११ मधे तो ओपन सोर्स केला. फ्लॅकवरून अलॅक आणि परत फ्लॅक असं कितीदाही करा, गाणं जसंच्या तसं राहतं. म्हणून ज्यांच्याकडे अजून सीड्या आहेत त्यांनी एक प्रत फ्लॅकमधे ठेवावी आणि गाडी, जुना फोन, आईचा छोटा स्पीकर यांच्यासाठी त्याच्यावरून एमपीथ्री काढावी. एमपीथ्रीवरून काही काढायला जाऊ नये.

एवढं करून भावाची ८०० गाणी वाजली, पण नावांच्या जागी चौकोन. याचंही मूळ जुनंच आहे. गाण्याचं नाव फाइलमधेच लिहायची आयडीथ्री टॅगची पद्धत १९९६ ची, फाइलच्या शेवटी १२८ बाइटची जागा, त्यात नावाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०. इंग्रजीत तीस अक्षरं बसतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ मधे देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजून, म्हणजे तिथे जेमतेम दहा चिन्हं, आणि मुळात त्या टॅगमधे कुठलं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमधे लिहायची पद्धत) वापरलंय ते सांगायची सोयच नव्हती. पुढच्या टॅगमधे युनिकोड आलं खरं, पण स्टिरिओच्या डिस्प्लेमधे देवनागरी फॉन्टच नसेल तर टॅग कितीही नीट भरा, चौकोनच दिसणार. शेवटी सगळ्या अभंगांची आणि भावगीतांची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करून दिली, दोन संध्याकाळ गेल्या त्यात, आणि भाऊ विचारतो की ‘ळ’ साठी एल लिहिलाय तर ‘ल’ कसा ओळखायचा.