जीपवरचे आकडे: जुन्या लष्करी गाडीच्या सुट्ट्या भागांमागचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यात एखाद्या वाड्यात किंवा शेतातल्या शेडमध्ये जुनी लष्करी जीप सापडली की, ती ‘पोलीस ॲक्शनमधली’ असल्याचे हमखास सांगितले जाते. हे सांगणे अगदीच निराधार नाही. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरच्याच बाजूने हैदराबाद संस्थानात शिरली, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले आणि आठवडा उलटण्याआधी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. मात्र एखादी विशिष्ट जीप त्या फौजेत होती की नाही, हे आठवणींवरून ठरत नाही. निदान ती त्या काळातली आहे का, एवढे तरी तिच्या भागांवरून ठरवता येते. पण ते भाग ओळखणे इतके किचकट का झाले, याचे मूळ जीपच्या जन्मातच आहे.

अमेरिकन सैन्यासाठी या हलक्या गाडीचा पहिला नमुना बँटम कंपनीने १९४० मध्ये दिला. परंतु दुसऱ्या महायुद्धाला लागणारी संख्या त्या छोट्या कारखान्याच्या आवाक्यातली नव्हती. अखेर विलीज या दुसऱ्या कंपनीचा आराखडा पक्का झाला आणि त्याच आराखड्यावर फोर्डलाही काम देण्यात आले. विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. १९४५ पर्यंत दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. एकीचा भाग दुसरीला चपखल बसावा, ही लष्कराची अट होती. रणांगणावर ती वरदान ठरली आणि आजच्या जीर्णोद्धारकाची डोकेदुखी झाली, कारण एखादा भाग व्यवस्थित बसला म्हणून तो त्याच गाडीचा आहे असे सिद्ध होत नाही.

सुदैवाने फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, ‘एफ’ हे वळणदार अक्षर उमटवले होते. काजळी आणि रंगाचे थर चढलेला बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासला की ते अक्षर वर येते. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा आहे, फोर्डमध्ये चौकोनी घडणीचा. विलीजच्या सुरुवातीच्या सुमारे २५ हजार गाड्यांना रेडिएटरपुढे पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पुढे फोर्डची पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी दोघांनीही वापरली. फोर्डमध्ये कारखान्यातून निघताना इंजिन आणि चासीचा क्रमांक एकच असे, विलीजमध्ये ते मुळातच वेगळे असत. त्यामुळे विलीजचे दोन क्रमांक जुळत नाहीत म्हणून इंजिन बदललेले आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

कागदपत्रांचा गुंता निराळाच. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकन सैन्यातील मोटारगाड्यांची जबाबदारी क्वार्टरमास्टर विभागाकडून ऑर्डनन्स विभागाकडे गेली. म्हणून आधीच्या तांत्रिक पुस्तिकांचे क्रमांक टीएम १० ने सुरू होतात आणि नंतरच्यांचे टीएम ९ ने. जीपची सर्वाधिक वापरली जाणारी पुस्तिका, टीएम ९-८०३, फेब्रुवारी १९४४ ची आहे. सुट्ट्या भागांची यादी एसएनएल जी-५०३ या नावाने ओळखली जाते. तिच्यात एकाच भागाला विलीजचा क्रमांक आहे, फोर्डचाही आहे. शिवाय उत्पादन चालू असतानाच अनेक भाग बदलत गेले, त्यामुळे १९४४ ची यादी समोर ठेवून १९४२ ची गाडी उभी केली तर प्रत्येक भाग अस्सल असूनही गाडी चुकीची होते. युद्धानंतर अमेरिकेने अकरा अंकी साठा-क्रमांक आणले. १९७४ मध्ये त्यांत देशाचे दोन अंक मिसळून ते तेरा अंकी झाले. डब्यावर तेरा अंकी क्रमांक असेल, तर ते पॅकिंग युद्धकाळातले नाही हे उघड आहे, मग विकणारा काहीही सांगो.

भारतात या गुंत्यात आणखी एक पदर मिसळला. युद्धानंतर शिल्लक गाड्या लिलावात निघाल्या, आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रने विलीजच्या सुट्ट्या भागांतून नागरी जीपा जोडायला सुरुवात केली. नागरी जीपेला सात फटींची जाळी, मोठे दिवे आणि मागे उघडणारे फळके होते; गिअरबॉक्सही टी-८४ ऐवजी अधिक दणकट टी-९० आला. सीजे-३बी या नंतरच्या मॉडेलमध्ये इंजिन उंच झाले म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. हे भाग बाजारात सहज मिळत आणि युद्धकाळातल्या जीपेला थोड्याफार फेरफाराने बसतही. साहजिकच खेडोपाडी राबलेल्या बहुतेक जीपांच्या पोटात आज टी-९० सापडतो, सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची आलेली असते, आणि कित्येकींमध्ये तर डिझेल इंजिन बसलेले असते. यात मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना गाडी चालवायची होती, जपायची नव्हती.

सोलापुरापुरती एक बाब विशेष सांगण्याजोगी आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथे गिरण्या वाढल्या, त्यांच्याबरोबर लेथ चालवणाऱ्या कुशल हातांची परंपराही वाढली. पण यंत्रे बहुतांश विलायती असल्यामुळे ती परंपरा व्हिटवर्थ या ब्रिटिश मापाच्या आट्यांवर पोसलेली होती. जीप अमेरिकन आट्यांची. ३/८ इंची जाड आट्याच्या बोल्टला दोन्ही पद्धतींत इंचाला १६ आटे आहेत, फरक फक्त कोनाचा: व्हिटवर्थ ५५ अंश, अमेरिकन ६० अंश. असा बोल्ट बिडाच्या ब्लॉकमध्ये बोटांनी दोन-चार फेरे सरळ जातो, मग अडतो, आणि पाना लावून रेटला की आतले आटे खातो. अर्धा इंचीत व्हिटवर्थचे १२ आणि अमेरिकन १३ आटे असल्याने घोटाळा निदान लगेच लक्षात येतो. जुन्या जीपेच्या ब्लॉकमध्ये एखादे भोक मोठे करून बुश बसवलेले दिसले, तर त्यामागे असा उपद्व्याप असू शकतो.

हा सगळा तपशील आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणी मालिका आली; नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. लिलावात घेतलेल्या लष्करी गाडीची नागरी नोंदणी मात्र तिच्या निर्मितीनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली असू शकते. अशा वेळी आरसी बुकातले साल वयाच्या अटीपुरते उपयोगी पडते, योग्य भागांची यादी निवडायला नाही.

मागणी वाढली तशा नकलाही आल्या. डॅशबोर्डवरच्या माहितीपट्ट्या नव्याने छापून मिळतात, इतकेच काय, ‘एफ’ कोरलेले बोल्टही नवे तयार होतात. म्हणून पट्टी चकचकीत असेल तर तिच्यावर विसंबण्याऐवजी गाडीखाली शिरून पुढचा आडवा दांडा गोल आहे की चौकोनी, हे आधी पाहावे. तो बदलायचा तर चासी कापावी लागते, आणि वेल्डिंगची खूण घासून काढली तरी रंगाखाली बोटाला लागते.